बाकीच्या वाटेचा रोध

कोलोन, जानेवारी 1826. जेझुइट शाळेच्या प्रयोगखोलीत तुम्ही भिंतीला लागून उभे आहात. समोर दोन भांडी: एकात बर्फ, दुसऱ्यात खळखळ उकळतं पाणी. बिस्मथच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना तांबं जोडलंय. एक सांधा बर्फात बुडवलेला, दुसरा उकळीत. पट्टीशेजारी चुंबकसुई टांगलेली. तिच्यावर वाकलेले मास्तर म्हणजे गेऑर्ग ओहम, वय 36. एर्लांगेनच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. हत्यार धरायला वडिलांकडे शिकला, त्यामुळे उपकरणं स्वतःच घडवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पडतं व्होल्टेज रोज बघणाऱ्या तुम्हा लोहाऱ्याच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. गेल्या वर्षी त्याने साधी बॅटरी वापरली होती. तार जोडली की व्होल्टेज पडायचं, आकडा लिहून होईपर्यंत आणखी घसरायचं. त्या घसरत्या आकड्यांवर बेतून 1825 मध्ये छापलेला नियम चुकला. मग पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं, झेबेकने 1821 मध्ये शोधलेली ही तापलेल्या-गार सांध्यांची जोडी घे. बर्फ शिल्लक आहे आणि पाणी उकळत आहे तोवर तिचं व्होल्टेज हलत नाही.

आता तो एकेक तांब्याची तार जोडतो. जाडी तीच, लांबी वेगळी. 2 इंचांची तार लावली की सुईचा आकडा 327 च्या आसपास. 130 इंचांची लावली की 48.5. तुम्ही मनात भागाकार करता. तार 65 पट लांब झाली, पण प्रवाह जेमतेम पावणेसात पट घटला. असं का?

ओहमची थोरवी इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. ‘व्होल्टेज भागिले रोध म्हणजे प्रवाह’ हे आपण नववी-दहावीत घोकतो. पण त्याने कागदावर मांडलेल्या भागाकारात खाली दोन रोध होते. एक समोरच्या तारेचा, आणि एक बाकीच्या सगळ्या वाटेचा: पट्टीचा, सांध्यांचा, जोडण्यांचा. हा दुसरा रोध त्याच तारेच्या सुमारे 20 इंचांएवढा भरला. 2 मध्ये 20 मिळवा, 130 मध्ये 20 मिळवा, पुन्हा भागा. 22 आणि 150. पावणेसात पटीचा हिशेब लागतो. विजेला तुमच्या तारेपुरतंच चालून भागत नाही, अख्खी वाट चालावी लागते.

पुढच्या वर्षी तो पुस्तक काढतो. जर्मनीत त्याचं थंड स्वागत होतं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला 1841 उजाडतं.

त्याच सुमारास तुम्ही मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये असता. बिअर बनवणाऱ्या घरातला जेम्स जूल, विशीतला पोरगा, पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून तापमापक वाचतोय. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट, तिप्पट केला की नऊपट. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ही चौपट लक्षात ठेवा, आपल्याकडे मोटारी जळतात त्या हिच्यापायी.

1915 मध्ये खोपोलीत थोडा वेळ थांबायचं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली येऊन टाटांचं वीजघर फिरवतं, आणि मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघते ती प्रचंड व्होल्टेजवर. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. तीच शक्ती दहापट व्होल्टेजने पाठवली की प्रवाह दहावा हिस्सा, आणि तारेतली नासाडी शंभरावा.

आता तुमचं लोहारा, यंदाची रब्बी. रात्रीच्या पाळीची लाईट आलीय, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. वायरमन मीटरच्या पेटीपाशी व्होल्टेज बघतो: 225. दोनशे मीटरवरच्या विहिरीपाशी स्टार्टरवर, मोटार चालू असताना: 195. क्लॅम्प मीटर वायरीला अडकवतो: 10 अँपिअर.

तीस व्होल्ट गेले कुठे? 30 भागिले 10, रोध 3 ओहम. तुमची अडीच एमएमची तांब्याची वायर जायची-यायची मिळून चारशे मीटर. तिचा रोध हिशेबाने तेवढाच येतो. 30 गुणिले 10 म्हणजे 300 वॅट नुसती वायर तापवण्यात गेले. मोटारीला 195 गुणिले 10, म्हणजे 1950. त्याला पॉवर फॅक्टर, समजा 0.8, लावला की 1560 वॅट.

इथे एक जपायचं. पाणी तापवायच्या हिटरला हे गणित सरळ लागतं. 230 व्होल्टवरचा 1000 वॅटचा हिटर म्हणजे सुमारे 53 ओहम. व्होल्टेज 160 वर आलं की प्रवाह 3 अँपिअर आणि शक्ती जेमतेम 480 वॅट. तो बिचारा हळू तापतो, जळत नाही. मोटारीचं उलटं आहे. फिरत्या मोटारीचं व्होल्टेज प्रवाहाने भागून तिच्या वाइंडिंगचा रोध मिळत नाही, कारण फिरता फिरता ती स्वतःही उलटं व्होल्टेज उभं करते. पाण्याचा भार तोच, म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त प्रवाह ओढते. जास्त प्रवाहाने वायरीत आणखी व्होल्ट पडतात, आणि वाइंडिंगमधली उष्णता जूलच्या वर्गाने चढते. प्रवाह 1.4 पट झाला की उष्णता जवळपास दुप्पट.

लोक ट्रान्सफॉर्मरच्या डीपीला दोष देतात, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण मीटरपाशी 225 आहेत, तर आजचे तीस व्होल्ट तुमच्याच शेतात पडलेत. वायर सहा एमएमची घातली तर चारशे मीटरचा रोध सव्वा ओहमच्या आत येतो. दहा अँपिअरला बारा व्होल्ट पडतील. स्टार्टरवर 195 ऐवजी 213 मिळतील. महाग आहे, खरं. पण रिवाइंडिंगचा एका हंगामातला खर्च शेजारी मांडा, आणि आधी सैल सांधे, काळे पडलेले कट-आउट तपासून घ्या. त्यांचाही रोध त्याच वाटेत मोजला जातो.