माळ्यावरचा जुना स्टिरीओ अ‍ॅम्प्लिफायर घरी दुरुस्त करताना

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सांगलीच्या घरी माळ्यावरून बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर खाली आला. १९८६ मध्ये एका ओळखीच्या कारागिराकडून असेंबल करून घेतलेला, साधारण २० वर्षं गोणपाटात गुंडाळून पडलेला. आई म्हणाली, भंगारवाल्याला देऊन टाका. तोवर बाबा प्लग हातात घेऊन बोर्डापाशी पोहोचलेसुद्धा. "लावून तर बघू!" मी अक्षरशः ओरडून त्यांना थांबवलं.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच, म्हणून आधी सांगतो. इतकी वर्षं पडून असलेलं उपकरण थेट २३० व्होल्टला लावायचं नाही. आधी झाकण उघडायचं.

आत काय सापडलं

धूळ, एक वाळकी पाल आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार. ती कोणी घातली असं विचारल्यावर बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच कळलं की शेवटी लावला तेव्हा फ्यूज सारखा उडत होता, तार घातल्यावर जळका वास आला, म्हणून बंद करून ठेवून दिला. त्याहून वाईट म्हणजे मेन कॉर्ड जिथे आत शिरते तिथला रबरी ग्रोमेट गळून गेला होता, वायरचं इन्सुलेशन तडकलं होतं आणि एक तार पत्र्याला टेकत होती. प्लग दोन पिनचा, अर्थिंग नाही. "याला हात लावला की जरा झिणझिण्या यायच्या," असं बाबा अगदी प्रेमाने सांगत होते. त्या झिणझिण्या जिवावर बेतल्या असत्या.

म्हणून पहिलं काम आवाजाचं नाहीच. नवी तीन कोअरची कॉर्ड, तीन पिनचा प्लग, अर्थची वायर रंग खरवडून चेसिसला स्क्रूने घट्ट, नवा ग्रोमेट आणि मूळ किमतीचा खरा फ्यूज.

प्लग काढलेला असला तरी मुख्य कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. माझ्याकडे तो ४७०० मायक्रोफॅरडचा आहे आणि त्यावर ५२ व्होल्ट येतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका. १ किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने अर्धा मिनिट दोन्ही टोकांना लावा आणि मल्टिमीटरने खात्री करा. दर वेळी.

सिरीज बल्ब: सगळ्यात स्वस्त विमा

इलेक्ट्रिशियन वापरतात तोच सिरीज बोर्ड. फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब आणि त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायर. एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण आपल्याला त्या तारेचा गुणधर्मच हवा आहे: थंड असताना तिचा रोध कमी, तापली की कितीतरी जास्त. अ‍ॅम्प्लिफायर ठीक असेल तर कपॅसिटर चार्ज होताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होतो. आत शॉर्ट असेल तर तो प्रकाशतच राहतो, पण करंट साधारण ०.४३ अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचतो. एक लक्षात ठेवा, बल्ब यंत्राला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तितकाच बसतो. चालू असताना आत मोजायचं असेल तर एक हात खिशात.

आमचा बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. मल्टिमीटरने पाहिलं तर उजव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट. थेट बोर्डात लावला असता तर तांब्याची तार उडालीच नसती. त्याआधी ट्रान्सफॉर्मर जळाला असता.

ट्रान्झिस्टर आणि माझी चूक

आउटपुटला २एन३०५५ आहेत. धातूच्या डबीतला हा ट्रान्झिस्टर त्या काळच्या कितीतरी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सापडतो आणि आजही मिळतो. पण नकली खूप आहेत. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून चार आणले, त्यातले दोन हातात घेताच हलके वाटले. एक कापून पाहिला तर आतली चिप अगदीच बारीक. मल्टिमीटरवर असे नकली पार्ट पास होतात, लोड आला की मरतात. त्यामुळे खात्रीच्या डिस्ट्रिब्युटरकडून घ्या, दहा-वीस रुपये वाचवू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर मेला असेल तर त्याच्या आधीचे ड्रायव्हर आणि एमिटरचे पांढरे सिमेंट रेझिस्टरही तपासा. ही मंडळी बहुतेकदा एकत्रच जातात. माझा एक ड्रायव्हर गेला होता.

नवे बसवले, बल्ब लावला आणि पुन्हा लख्ख! तासभर सर्किटमध्ये बग शोधत बसलो. या ट्रान्झिस्टरची डबी म्हणजेच त्याचा कलेक्टर, म्हणून ती आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा असतो. मी जुनाच पापुद्रा परत वापरला होता आणि हीटसिंकच्या भोकाची धारदार कड त्यातून आरपार गेली होती. म्हणजे सप्लाय थेट चेसिसला. भोकाची कड साफ केली, नवा अभ्रक, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर, स्क्रूला प्लास्टिकचे बुश. सप्लाय द्यायच्या आधी डबी ते हीटसिंक रोध मोजला असता तर तास वाचला असता. तिसऱ्या वेळी बल्ब उजळला आणि विझत गेला. बाबा मागे उभे होते, काही बोलले नाहीत.

कपॅसिटर कोणते बदलायचे?

फक्त इलेक्ट्रोलिटिक. त्यांच्यातलं द्रव इलेक्ट्रोलाइट रबरी सीलमधून वर्षानुवर्षं उडत जातं, क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. उष्णतेजवळचे आधी जातात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. सिरॅमिक आणि पॉलिस्टरचे सहसा ठणठणीत असतात, उगाच काढू नका. नवे घेताना व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, तापमान १०५ अंशांचं. बाजूचा पट्टा म्हणजे निगेटिव्ह. एक काढा, एक लावा, आधी मोबाइलवर फोटो. सगळे एकदम उपटलेत तर काय होतं हे लेगसी कोडवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

क्षमता घटल्याचा परिणाम कानाला कसा कळतो याचं उत्तम उदाहरण आमच्याच डाव्या चॅनेलमध्ये होतं. या जुन्या एकाच सप्लायच्या डिझाइनमध्ये स्पीकरच्या आधी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर तो साधारण ९ हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ देतो, म्हणजे बासची चिंताच नाही. आमचा मोजला तर १८० भरला! त्या हिशेबाने ११० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जात होतं. तबल्याचा डग्गा जवळजवळ गायब.

मुख्य कपॅसिटर सुकला असेल तर १०० हर्ट्झची घरघर येते, कारण रेक्टिफायरनंतर ५० चे १०० होतात. तोही बदलला. व्हॉल्यूमची खरखर मात्र पाच मिनिटांचं काम आहे: पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तीसेक वेळा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको.

बायस

आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहावा लागतो, नाहीतर हळू आवाजात गाणं चिरकं वाटतं. फार जास्त झाला तर हीटसिंकवर हात ठेवता येत नाही. जुना प्रीसेट घाणेरडा असेल तर तो बदलाच, कारण त्याचा संपर्क सुटला तर बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम वर जातो. मी प्रीसेट सर्वांत कमी बायसवर ठेवून सुरुवात केली, सिरीज बल्ब काढला, २० मिनिटं तापू दिलं आणि ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट येईपर्यंत फिरवलं. म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. मग मधला बिंदू तपासला: सप्लायच्या निम्मा, २६ व्होल्ट.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला धन-ऋण असे दोन सप्लाय असतील आणि स्पीकरच्या आधी कपॅसिटर नसेल, तर आउटपुटला डीसी मोजा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर स्पीकर लावू नका. कोणत्याही परिस्थितीत पहिली चाचणी एखाद्या टाकाऊ स्पीकरवरच.

आणि हो, आमच्या पॅनेलवर ऐटीत '१०० + १०० वॅट' छापलंय. ५२ व्होल्टमधून फार तर २२ व्होल्टचं शिखर मिळतं, म्हणजे ८ ओहमला चॅनेलमागे ३० वॅट. हॉलला ते भरपूर झाले.

डेकचा बेल्ट विरघळून चिकट झालाय, म्हणून मागच्या पाच पिनच्या डिन सॉकेटसाठी केबल बनवून फोन जोडला. बाबांनी नाट्यगीत लावायला सांगितलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बास जास्त झालाय." बासचा नॉब कित्येक वर्षं पूर्ण उजवीकडेच होता, त्यांनी तो पहिल्यांदा मध्यावर आणला. उजव्या बाजूचा व्हीयू मीटर अजून हललेला नाही.