ओल्या कापसावरची अंडी

अण्णांची वही माझ्याकडे आहे. वाण्याच्या दुकानात रोजमेळाची असते तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. अण्णा म्हणजे माझे आजोबा, लोणावळ्याला रेल्वेत होते. वहीत हिशेब मात्र माशांचा: तारीख, डोह, पाण्याचा रंग, आमिष, वजन. सुरुवातीची वजनं शेरात आहेत, मग किलो येतात. पुढे वजनाच्या रकान्यात ‘सोडला’ एवढाच शब्द दिसायला लागतो.

हे सोडणं कधी सुरू झालं याच्या आमच्या घरात दोन कथा. आजी सांगायची, एका आषाढात त्यांना ओढ्याच्या तोंडाशी खडशी मिळाली. चिरली तर पोटभर अंडी. त्या रात्री ते भाकरी-चटणी खाऊन उठले. काका म्हणायचा, छे, डोहात तोटा उडवून मासे गोळा करणारी माणसं त्यांनी पाहिली, हाताएवढी पिल्लं पोट वर करून वाहत होती, तेव्हापासून. मला दोन्ही खऱ्या वाटतात.

खडशी म्हणजे महाशीर. जाड ओठांचा, मोठमोठ्या खवल्यांचा, दात तोंडात नाही तर घशात असलेला मासा. काठावरचं उंबर पाण्यात पडलं की ते टिपायला वर येणारा. बाकीची मंडळी गांडुळं नाहीतर कणकेच्या गोळ्या लावत. अण्णा खिडकीशी बसून ‘माशी’ बांधत. कोंबड्याच्या मानेचं पीस, मोराच्या पिसाचा एखादा तंतू आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा. ही विद्या आणि बांबूची चिरफळ्यांची काठी त्यांना कुणा साहेबाकडून मिळाली म्हणतात. साहेबाचं नाव घरात प्रत्येक जण वेगळं सांगे. माशीला वजन नसतं, ते सगळं दोरीत असतं. ती दोरी डोक्यावरून मागे जाऊन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे सोडायची. “घाई केलीस की पाण्याला कळतं,” म्हणायचे. रिकाम्या हाताने परतले की आजी काही न बोलता सुके बोंबील भाजायला घ्यायची. तो खमंग वास आला की आम्हाला कळायचं, आजही सोडला.

ह्या माशाचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. त्यातलं ‘खुद्री’ आपल्या नदीकाठचंच. कंपनी सरकारच्या फौजेतला कर्नल साइक्स दख्खनची पाहणी करत हिंडला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला हा मासा त्याने १८३९ साली शास्त्रात नोंदवला. माशांना नावं देताना त्याने इथलेच शब्द लॅटिनमध्ये नेऊन बसवले. ‘सींगटी’ म्हणजे आपली शिंगटी. ‘कोलस’, ‘नुक्ता’ ही नावंही त्याचीच. हे शब्द त्याला सांगणाऱ्या भोयांची नावं मात्र कुठे उरली नाहीत. त्याच्या नोंदींत माझं मन अडकतं ते तिथेच.

पावसाळ्यात नदी फुगली की हा मासा पुराच्या विरुद्ध वर चढतो आणि उथळ, खडकाळ ओढ्यांत अंडी घालतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून आमच्या डोंगरांत धरणं झाली, १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. भिंत आडवी आली की चढणारा मासा कुठे जाणार? पुढे टाटांच्या वीज कंपनीनेच लोणावळ्याला महाशीरची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, त्यांवर नराचं रेत मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची ही रीत बसवली. अंडी दूरच्या प्रांतात न्यायला पाण्याचे पिंपही लागत नसत. ओल्या कापसावर पसरून ती विमानाने जात.

त्यातलीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला वशिंड असलेला, नारिंगी परांचा, माणसाएवढ्या वजनाचा. आपला निळसर परांचा मासा तिथे माजला आणि कावेरीचा मागे हटत गेला. २०१८ साली त्याची ‘टॉर रेमादेवी’ अशी ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या काठावर असलेल्यांच्या यादीत गेला. हे मागे हटणं उमगायला उपयोगी पडल्या गळवाल्यांच्या नोंदी. किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, केवढा होता. हे वाचलं त्या दिवशी मी अण्णांची वही फडताळातून काढून मऊ कापडात गुंडाळून ठेवली. पिल्लं सोडणाऱ्यांची माया खरी होती, यात मला शंका नाही. पण प्रत्येक नदीचं गोत्र वेगळं असतं, ते विचारायचं राहून गेलं.

अण्णा तेव्हा नव्हते. असते तर दोन दिवस तरी बोलले नसते.

ओल्या कापसाची गोष्ट मात्र त्यांनीच सांगितली होती, एका आषाढी एकादशीला. आजी वाती वळत बसली होती. अण्णांनी तिच्या पुढ्यातला कापूस घेतला, काजळाच्या रिकाम्या डबीत ओला करून पसरला. वर भिजवलेल्या साबुदाण्याचे सात-आठ दाणे मांडून त्यांना हळदीचं बोट लावलं. “अशीच पिवळी असतात. तीन दिवसांत पिल्लं निघतात.” आजी म्हणाली, “अहो, उपासाचा साबुदाणा!” पण डबी तिने उचलली नाही. बाहेर पाऊस धरून होता. मी तीन दिवस डबीत पाणी शिंपडत राहिले.