दाद मागायची ती मुंबईलाच

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे गेली. दक्षिण महाराष्ट्राने त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले होते आणि ते न्याय्यच होते. पण त्या आदेशाने एक जुनी गोष्ट नव्याने दाखवून दिली. नीरा नदीच्या पलीकडचा पक्षकार आता कोल्हापूरला जातो आणि अलीकडचा मुंबईला. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, तळेगाव आणि चाकण हा देशातल्या मोठ्या कारखानदारी पट्ट्यांपैकी एक. कामगार आणि मालक, शेतकरी आणि सरकार यांच्यातले वाद इथे रोज जन्मतात. तरीही इथली वरची दाद आजही फोर्टमधल्या इमारतीतच मागावी लागते. याचे कारण कामाचे प्रमाण नाही आणि अंतरही नाही. वरिष्ठ न्यायालय कुठे बसेल हे आपल्याकडे जुन्या राज्यांच्या सीमांनी ठरवले. या पट्ट्याच्या पाठीशी असे कुठलेही जुने राज्य नव्हते, म्हणून तो वगळला गेला, असे माझे मत आहे.

पेशवाईत गावच्या किंवा थळाच्या पंचायतीवर समाधान झाले नाही तर गाऱ्हाणे पुण्यात हुजुरापुढे जाई आणि तिथे रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश असे. १८१८ नंतर हे केंद्र पुण्यातून हलले. मुंबई शहरासाठी राजाचे सुप्रीम कोर्ट आणि मुलखासाठी कंपनीची सदर अदालत अशा दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. त्या एकत्र करून १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि सर मॅथ्यू सॉस पहिले मुख्य न्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुणे मुंबईला जोडले गेले. तेव्हापासून ‘पुणे जवळच आहे’ हा समज पक्का झाला तो आजतागायत. या न्यायालयाची बाकीची ठिकाणे कशी ठरली ते पाहावे. नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. मध्य प्रांत मोडून विदर्भ इकडे आला आणि १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या शब्दाप्रमाणे तिथे खंडपीठ राहिले. गोव्यात पोर्तुगीजांचे वरिष्ठ न्यायालय १५४४ पासून होते. त्याच परंपरेच्या टोकाला १९८२ साली पणजीचे खंडपीठ आले. औरंगाबादच्या मागे निजामी राज्यातून आलेल्या मराठवाड्याचा हक्क उभा होता. या प्रत्येक ठिकाणामागे जुने राज्य, विलीनीकरणाची अट किंवा आश्वासन होते. पुणे जिल्हा मुंबई इलाख्यात पहिल्यापासून होता. तो कुणाशी करार करून आला नव्हता, म्हणून त्याला देण्यासारखे आश्वासनही कुणाकडे नव्हते.

न्यायाची देखरेख पुण्यातूनच व्हावी ही कल्पना मात्र काही नवी नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. सरकार हादरले, चौकशी झाली आणि १८७९ साली पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. या कायद्याने त्यात सांगितलेल्या दाव्यांपुरते नेहमीचे अपील बंद केले. त्याऐवजी खालच्या न्यायाधीशांचे निकाल तपासून चूक दुरुस्त करण्याचा अधिकार एका खास न्यायाधीशाकडे दिला. पुढे हे काम न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले. १८८७ मध्ये ते खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी उच्च न्यायालयात जाईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. म्हणजे आजचा चाकणचा परिसर ज्या खेड तालुक्यात आहे, तिथल्या कुणब्याच्या कर्जाचा निकाल तपासणारा अधिकारी त्या काळी याच चार जिल्ह्यांपुरता नेमलेला होता. त्यामागचा तर्क मला फार महत्त्वाचा वाटतो. लांबचे आणि खर्चिक अपील ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्याच उपयोगी पडते. कर्जदार तिथवर पोहोचतच नाही, आणि कागदावरचा अधिकार त्याच्या विरोधात हत्यार बनतो. कायदा पूर्ण यशस्वी झाला असे मात्र म्हणता येणार नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखते करून घेऊन त्यातून वाट काढली. पण ही पळवाट करारांच्या स्वरूपात होती. न्यायाधीश जवळ आणला त्याचा हा दोष नव्हे.

कारखाने आले तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. १९५० साली केंद्र सरकारने औद्योगिक वादांसाठी कामगार अपील न्यायाधिकरण स्थापन केले. ते केंद्राचे होते आणि मुंबईसारख्या शहरांत त्याची न्यायपीठे होती. गिरणी कामगारांच्या बोनसचे प्रसिद्ध सूत्र त्यानेच त्याच वर्षी घालून दिले. पण कामगार चळवळीला ते रुचले नाही. आणखी एक पायरी म्हणजे आणखी काही वर्षे, हा अनुभव होता. बँक कर्मचाऱ्यांच्या वादात त्याच्या निवाड्यात सरकारने फेरबदल केले, तेव्हा १९५४ साली श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. अखेर १९५६ च्या दुरुस्तीने हे अपील न्यायाधिकरणच रद्द झाले. नेमक्या त्याच काळात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहत होती आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. मधले अपील नाहीसे झाल्यामुळे तिथल्या कामगारांचा वेतनाचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणातून थेट दिल्लीला गेला. सरकारी कारखान्यातल्या कामगारांचे वेतन ठरवताना खासगी कारखान्यांपेक्षा वेगळी तत्त्वे लावता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली दिला. सार्वजनिक उद्योगांत काम करणाऱ्या देशभरातल्या कामगारांना लागू पडणारे तत्त्व पिंपरीच्या एका कारखान्यातल्या वादातून निघाले, ही या परिसराच्या इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण तिच्यात एक इशाराही आहे. संघटना मजबूत होती, प्रश्न मोठा होता, म्हणून ती दिल्लीपर्यंत पोहोचली. एकट्यादुकट्या कामगाराने काय करावे?

त्याच्यासाठी उरला तो उच्च न्यायालयाचा रिट अधिकार. महाराष्ट्रात कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथांना आळा घालण्याचा १९७१ चा कायदा १९७५ मध्ये लागू झाला. त्यात कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयाची देखरेख ठेवली गेली, पण त्यापुढे अपील नाही. ज्याला पुढे जायचे त्याने संविधानाच्या २२६ व २२७ या अनुच्छेदांखाली उच्च न्यायालयात याचिका करावी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही एक न्यायिक आणि एक प्रशासकीय अशा दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आहे. त्यावर वेगळे अपील न्यायालय नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी जितक्या वेळा अपिलाची पायरी काढली, तितके उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराचे वजन वाढत गेले. ही पायरी संसदही काढू शकत नाही, हे १९९७ साली एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. पायऱ्यांनीच कामगाराचे नुकसान होते. मग वरचे न्यायालय जवळ आणून काय साधणार, मालकालाही वर जाणे सोपेच होईल. पुण्याच्या भारत फोर्जमधले प्रकरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये एक कामगार कामाच्या वेळी झोपलेला आढळला, आधीच्या शिक्षाही जमेस धरून त्याला काढून टाकले गेले. कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय असे करत वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बडतर्फी कायम झाली ती जानेवारी २००५ मध्ये. एकवीस वर्षे उलटून गेली. निकाल बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण एवढ्या काळात कोणत्याही निकालाला अर्थ उरत नाही. तरीही यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो तो नव्हे. वर जाणे मालकाला आजही सोपेच आहे. त्याचा वकील मुंबईत आहे आणि त्याच्या विधी विभागाचा माणूस पगारी वेळात जातो. कामगाराला मात्र खाडा पडतो. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे नुसती मजुरी बुडणे नव्हे, पुढच्या महिन्यात गेटवर नाव राहील की नाही याची चिंता असते. प्रकरण बोर्डावर लागते, पण नंबर येत नाही, तारीख पडते आणि पुन्हा तेच. वेळखाऊपणा दोघांनाही आहे, त्याची किंमत मात्र एकालाच मोजावी लागते. जवळचे न्यायपीठ पायऱ्या कमी करणार नाही, पण ही किंमत कमी करेल. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचेही तेच. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी, भोसरी ते चाकणपर्यंतच्या जमिनी टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या. वाढीव मोबदल्यासाठी शेतकरी जिल्हा न्यायालयात जातो, आणि तिथल्या निकालावरचे अपील मुंबईला. अपील सरकारने केले तरी त्याला उत्तर द्यायला जावे लागतेच.

न्यायाधीशांच्या बाबतीत या भागाने उच्च न्यायालयाला भरभरून दिले आहे. खेड तालुक्यातले कन्हेरसर हे चंद्रचूड घराण्याचे मूळ गाव. यशवंत विष्णू चंद्रचूड १९६१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९७८ ते १९८५ एवढा दीर्घकाळ भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड २००० साली त्याच न्यायालयात बसले आणि २०२२ ते २०२४ सरन्यायाधीश होते. सासवडला जन्मलेले वि. म. तारकुंडे १९५७ ते १९६९ या काळात तिथे न्यायाधीश होते. साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर १९४५ मध्ये त्या न्यायालयात आले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि औद्योगिक कायद्याची घडण ज्यांच्या निकालांतून झाली त्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. चाकणच्याच तालुक्यातल्या एका घराण्यातून देशाचे दोन सरन्यायाधीश झाले. त्याच तालुक्यातल्या कामगाराला रिट याचिकेसाठी घाट उतरावा लागतो, ही विसंगती मला बोचते.

मागणी जुनी आहे आणि विधिमंडळाने ती मान्यही केली होती. २२ मार्च १९७८ रोजी राज्याच्या विधानसभेने ठराव केला तो एकट्या औरंगाबादसाठी नव्हता. एक खंडपीठ औरंगाबादला आणि एक पुण्याला, अशी शिफारस त्यात होती. त्यातला अर्धाच भाग अमलात आला. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायपीठ बसवले. त्याला आव्हान दिले गेले, खुद्द उच्च न्यायालयात तो आदेश रद्द झाला, पण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्तींना असे ठिकाण केव्हाही नेमता येते, हा त्या निकालाचा आशय. ठरावाचा दुसरा भाग अजून तसाच पडून आहे.

पुणे मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर आहे, कोल्हापूर किंवा औरंगाबाद त्याहून कितीतरी दूर, हा मुद्दा मी नाकारत नाही. कोल्हापूरला आधी मिळाले हे योग्यच झाले. पण अंतर एवढे एकच माप लावायचे तर औद्योगिक वाद किती, जमिनीची अपिले किती, पक्षकार कोण, हे सगळे मोजायचेच नाही असे होते. दुसरा मुद्दा थोर माणसांचा आहे: मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ च्या आपल्या चौथ्या अहवालात उच्च न्यायालयांची वेगवेगळ्या ठिकाणी विभागणी करण्याला विरोध केला होता. न्यायालयाची एकसंधता आणि वकीलवर्गाचा दर्जा यांची त्यांना काळजी होती. त्या काळी ही भीती रास्त होती. मात्र त्यानंतर नागपूर आणि औरंगाबाद यांनी कित्येक दशके काम केले, तिथून चांगले न्यायाधीश आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्णपीठाचे निकाल सर्व ठिकाणी सारखेच बंधनकारक राहिले. दूरदृश्य सुनावणीचा मुद्दा याहून वजनदार आहे. २०२० नंतर तिच्यामुळे पुण्याच्या वकिलाला घरबसल्या युक्तिवाद करता येऊ लागला, आणि कामगार न्यायालयापासून ज्याने फाइल हाताळली त्यालाच वर उभे राहता येणे हा मोठा फायदा आहे. पण पडदा न्यायाधीशाचा वेळ वाढवत नाही. अनेक जिल्ह्यांचा भार असलेल्या बोर्डावर पिंपरीचे प्रकरण ज्या क्रमांकावर होते त्याच क्रमांकावर राहते.

म्हणून पूर्ण खंडपीठाचा आग्रह धरून बसण्यापेक्षा सुरुवात मर्यादित कामापासून व्हावी, असे मला वाटते. १८७९ च्या कायद्यानेही खास न्यायाधीशाकडे सगळे दावे दिले नव्हते, ज्यांत दुबळा पक्ष हमखास हरत होता तेवढेच दिले होते. कलम ५१(३) खाली पुण्यात महिन्यातून काही दिवस एकल न्यायाधीशाचे न्यायपीठ बसावे. त्याच्याकडे दोनच प्रकारची कामे असावीत: औद्योगिक व कामगार न्यायालयांच्या आदेशांवरच्या याचिका, आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची अपिले. व्यापारी दावे आणि करांचे वाद मुंबईतच राहू द्यावेत. ते पक्षकार मुंबईला जाऊ शकतात.