झोप देणारे मूळ

वैनगंगेचे खोरे मागे टाकून बैहरच्या पठारावर चढले म्हणजे बालाघाट जिल्ह्यातील सालवने लागतात. त्यांच्या सावलीत, ओलसर मातीत, गुडघाभर उंचीचे एक झुडूप वाढते. पाहणाऱ्याने थांबावे असे त्याच्या रूपात काही नाही. मोल आहे ते मुळाचे. संस्कृतात ते सर्पगंधा, हिंदीत छोटा चांद. बिहारी लोकांनी तर त्यास सरळ ‘पागल की दवा’ म्हटले. रडणाऱ्या मुलास निजविण्यासाठीही तिकडे ते देत असत, आणि ही रीत खचितच धोक्याची होती.

१७०३ साली प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञाने या कुळास राउवोल्फ नामक जर्मन वैद्याचे नाव दिले. राउवोल्फ सोळाव्या शतकात सीरिया व इराककडे हिंडला. हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवले नव्हते!

१९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या वैद्यक पंडितांनी उन्माद आणि रक्तदाब यांवर हे मूळ गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्यातील द्रव्ये वेगळी काढली. एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. तरीही जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ साली एका ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात आला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘रिसर्पिन’ हाती लागले आणि १९५४ साली न्यूयॉर्ककडील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे अनुभव मांडले.

या औषधाची झोप अफूच्या गुंगीसारखी नव्हे. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली उत्तेजक द्रव्ये ते ओसरविते. उद्विग्न मन आधी शांत होते, मग डोळा लागतो, आणि हाक मारताच रोगी जागाही होतो. परंतु हाच गुण पुढे दोष ठरला. मात्रा चढली की कित्येकांस खोल उदासी येई, रक्तदाब नको तितका उतरे. घरच्या घरी चूर्ण घेऊन निद्रानाश घालवू पाहणाऱ्याने हे अवश्य ध्यानी धरावे. नवी औषधे आली तशी रिसर्पिन मागे पडले.

वनाने मात्र किंमत आधीच मोजली होती. परदेशी मागणीपायी मुळांची अशी लूट झाली की, भारत सरकारला कच्च्या मुळांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले; १९९० साली ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आली. पाने तोडली तर झाड पुन्हा फुटते. मूळ खणले की झाडच संपते. त्यात बीजांपैकी फारच थोडी रुजतात. मूळ औषधी होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि पोटासाठी खणणाऱ्या बैगा किंवा गोंड माणसाला तितके थांबणे परवडत नाही, कारण आज त्याने सोडलेले झुडूप उद्या दुसरा कोणी उपटून नेतो.