व्हेर्दों घळई

व्हेर्दों घळई ही आग्नेय फ्रान्समधील प्रोव्हाँस प्रदेशात व्हेर्दों नदीने चुनखडकात कोरलेली घळई आहे. तिची लांबी सुमारे २५ किमी असून खोली काही ठिकाणी ७०० मीटरपर्यंत आहे. १९०५ साली गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांच्या पथकाने नदीपात्रातून तिचे पहिले संपूर्ण सर्वेक्षण केले. स्थानिक शिक्षक इझिदोर ब्लां हेही या पथकात होते.

पदभ्रमण

या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ब्लां-मार्तेल पायवाट घळईच्या तळाजवळून जाते. वाटेत लोखंडी शिड्या आणि अर्धवट सोडलेल्या जलविद्युत प्रकल्पाचे बोगदे लागतात. बोगद्यांत विजेरी आवश्यक असते.

सायकल भ्रमण

ला पालू-स्यूर-व्हेर्दों गावातून निघून तेथेच परतणारा ‘रूत दे क्रेत’ हा सुमारे २३ किमी लांबीचा चढउतारांचा रस्ता उत्तर कड्यावरून जातो. त्याच्या काही भागात वाहतूक एकेरी आहे.

सुरक्षितता

नदीच्या वरच्या भागात कास्तियों व शोदान ही धरणे आहेत. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडल्यास निरभ्र हवामानातही घळईतील पातळी अचानक वाढते. पात्र ओलांडलेल्या व्यक्तीचा परतीचा मार्ग त्यामुळे बंद होऊ शकतो. म्हणून पायवाट सोडून पात्रात उतरणे धोक्याचे ठरते.