नोंदवहीतला क्रमांक

दारावर पाटी कुणालाही लावता येते. आतला माणूस खरोखर शिकलेला आहे का, हे रुग्णाने कसे ओळखावे? मुंबई इलाख्याने १९१२च्या वैद्यक कायद्याने त्यासाठी नोंदवही घातली. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. जळगाव-धुळ्याचे डॉक्टर या एकाच वहीत आले. पण वही होती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य-हकिमांसाठी १९३८चा कायदा यावा लागला. सातपुड्यातला भगत आणि परंपरेने बाळंतपणे करणारी सुईण मात्र दोन्ही वह्यांबाहेर राहिली. आजाऱ्याच्या उशाशी बहुधा आधी पोचत ती हीच माणसे.

पुढे राज्यागणिक परिषदा झाल्या. त्यामुळे एकच क्रमांक दोन राज्यांत दोन डॉक्टरांचा असू शकतो. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने म्हणून देशाची एक नोंदवही ठरवली. देशभर एकच क्रमांक असला, की तोतया ओळखणे सोपे होते. एका राज्यात नाव कमी झालेल्याला दुसरीकडे पाटी लावणे अवघड जाते.

एवढे काम क्रमांकाने चोख करावे. मात्र तो हक्क सांगतो, हातगुण नाही. आणि यावल-चोपड्याच्या पाड्यावर मध्यरात्री कळा सुरू झाल्या, तर जवळच्या केंद्रात डॉक्टर हजर असेल का, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.