बोलक्या रुग्णाची कुळकथा

दंतवैद्यकाचं शिक्षण आधी हाताभोवती उभं राहिलं. १८९४ मध्ये ग्लासगोच्या ऑस्वाल्ड फर्गस यांनी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी ‘फँटम हेड’ तयार केलं, म्हणजे दांड्यावर बसवलेलं, जबड्याचं नकली डोकं. बीडीएसची मुलं आजही त्याच्यावरच हात बसवतात. रबरी गाल बाजूला सारायचा, छोट्या आरशात उलटी दिसणारी दाढ कोरायची. फार मोलाचं साधन आहे हे. पण ते डोकं कधी कण्हत नाही, ‘दुखेल का?’ म्हणून विचारत नाही, खर्चाचा आकडा ऐकून गप्प होत नाही.

बोलका रुग्ण आला तो मेंदूविकारांच्या वर्गातून. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज यांनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईंना पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली. विद्यार्थ्यानं तपासायचं आणि नंतर त्याचं काय चुकलं, काय राहून गेलं, हे बाईंनीच सांगायचं. हा सिनेमाछाप प्रकार म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र सगळ्या कुळातलं थोर वळण हेच वाटतं, कारण विद्यार्थ्याला पारखायचा हक्क तपासून घेणाऱ्या माणसाकडे आला. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या रोनाल्ड हार्डन यांनी सहकाऱ्यांसह ‘ऑस्की’ परीक्षापद्धत मांडली आणि अशा रुग्णांची परीक्षेतली जागा पक्की होत गेली.

हा बोलका रुग्ण आता व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्येही भेटतो. त्या हेडसेटचा पूर्वज १९६८ चा. आयव्हन सदरलँड यांचं ते यंत्र छताला टांगलेलं असे आणि त्यात दिसत नुसत्या रेघांच्या आकृत्या.

आता हेडसेट चढवला की समोरच्या खुर्चीत तोंडावर हात दाबून बसलेला लहान मुलगा दिसू शकतो. १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन यांनी मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत इथं घोटता येते. आधी सांगायचं, ‘हा ब्रश गुदगुल्या करतो’. मग तो त्याच्या नखावर हळूच फिरवायचा. मगच दातावर न्यायचा. घाई झाली की तोंड मिटलंच. खऱ्या मुलाला विद्यार्थ्यांच्या सरावापायी पुन्हा पुन्हा घाबरवणं हा अन्याय आहे. व्हीआरची खरी गरज मला तिथं दिसते.

या तंत्रात जागा बदलायची सोयही करता येते. विद्यार्थी मुलाच्या खुर्चीत बसतो, आणि वर वाकून, मास्कमधून घाईघाईनं बोलणारा डॉक्टर तो स्वतःच असतो.